टेकडीवरचे रिकामे तास

पुण्यात कुणी 'टेकडीवर जाऊन येतो' म्हटलं की कोणती टेकडी हे सहसा विचारावं लागत नाही. बोलणाऱ्याचं घर कुठे आहे ते ठाऊक असलं की झालं. कोथरूड-डेक्कनकडची माणसं वेताळ टेकडी चढतात, फर्ग्युसन कॉलेजच्या आसपासची हनुमान टेकडी, सहकारनगर-धनकवडीची तळजाई, आणि बाणेर-पाषाणकरांना त्यांच्या नावाची टेकडी आहेच. पहाटे साडेपाच ते आठ या वेळात इथे एखाद्या पेठेइतकी वर्दळ असते. निवृत्त मंडळींचे ठरलेले कट्टे, रोपांना पाणी घालायला कॅन घेऊन चढणारे, पळणारे, प्राणायाम करणारे, कुत्र्यांसाठी हातात काठी बाळगणारे. हीच वाट भर दुपारी किंवा संध्याकाळी साडेसातला पार सुनी असते. टेकड्यांवरच्या सुरक्षेची जी चर्चा चालते तिच्यात हा वेळेचा मुद्दा नेहमी मागे पडतो. मागणी होते ती जास्त स्वयंसेवकांची, जॅकेटांची, ओळखपत्रांची आणि 'थोड्याफार अधिकारांची'. माझं म्हणणं असं की नागरिकांची स्वयंसेवी गस्त जरूर वाढवावी, पण ती तासांत आणि कामांत वाढावी. अधिकार मात्र साध्या नागरिकाला आज आहेत त्यापेक्षा कणभरही वाढू नयेत, आणि जे आहेत तेही शक्यतो वापरू नयेत. ही मागणी विचित्र वाटेल, म्हणून आधी जागा कशी आहे आणि पुरावा काय सांगतो ते पाहू.

वेताळ टेकडी ही समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची, शहरातली सर्वांत उंच जागा. तिच्यावर चढायला ठरावीक दरवाजा नाही. एआरएआयकडून रस्ता आहे, पाषाणकडून आहे, गोखलेनगरकडून आहे, लॉ कॉलेज रस्त्याच्या मागून पायवाटा आहेत. जमीन काही वन विभागाची, काही महापालिकेची, काही संस्थांची, काही खासगी. पोलीस ठाणी पाहिली तर डेक्कन, कोथरूड आणि चतुःशृंगी या हद्दी या एकाच टेकडीला भिडतात. माथ्यावर काही घडलं तर पहिला प्रश्न हद्दीचा येतो, आणि तो अंधारात झाडीत उभं राहून सोडवायचा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटात एका तरुणीवर झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर शहर हादरलं. तो घाट म्हणजे फिरण्याची पायवाट नव्हे, वाहनांचा रस्ता. तरीही शहराच्या कडेच्या सगळ्याच निर्मनुष्य जागांचा प्रश्न त्यानिमित्ताने ऐरणीवर आला. घाट आणि टेकड्यांवर कॅमेरे, दिवे, वाढीव गस्त अशी योजना पोलिसांनी मांडली. यातल्या कॅमेऱ्यांचा उपयोग नाकारण्याचं कारण नाही, पण तो बहुतांशी घटना घडून गेल्यावरचा. झाडीतून फुटणाऱ्या वाटा इतक्या आहेत की प्रत्येकीवर खांब रोवायचा तर टेकडीचं टेकडीपण उरणार नाही. दिव्यांचं तर आणखी अवघड: रातवे आणि घुबडं जिथे राहतात तिथे रात्रभर झगझगीत उजेड पाडणं हा वेगळाच उपद्रव. तिसरा उपाय अंधार पडल्यावर फाटकं बंद करण्याचा. तो सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत वाईट, कारण फाटक बंद झालं की आत जाणं थांबतं ते साध्या माणसाचं. ज्याला वाईट हेतूने जायचंय त्याला तारेतलं भोक माहीत असतं.

आता गस्तीबद्दल. गस्त घातली की गुन्हे कमी होतात ही समजूत इतकी सहज आहे की ती तपासून पाहावी असं बराच काळ कुणाला वाटलंच नाही. ती तपासली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीने. ऑक्टोबर १९७२ पासून वर्षभर शहराच्या एका भागातले १५ विभाग पाचपाचच्या तीन गटांत वाटले: एका गटात पोलिसांच्या गाडीने नेहमीची गस्त बंद करून फक्त बोलावल्यावर जायचं, दुसऱ्यात गस्त दुपटी-तिपटीने वाढवायची, तिसऱ्यात होती तशी ठेवायची. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, लोकांच्या भीतीतही पडला नाही. गंमत म्हणजे गस्त वाढली की घटली हे बहुतेक रहिवाशांच्या लक्षातही आलं नाही. पुढे १९७८-७९ मध्ये न्यूअर्क शहरात पायी गस्तीचा अभ्यास झाला. तिथेही गुन्हे घटले नाहीत, मात्र लोकांना आपला भाग अधिक सुरक्षित वाटू लागला. गाडीतल्या पोलिसाकडे लक्ष जात नाही, पायी चालणाऱ्याकडे जातं, एवढं तरी त्यातून कळलं. मग २००९ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात हिंसक गुन्हे जिथे सर्वाधिक घडतात असे ६० छोटे तुकडे निवडून तिथे पायी पोलीस नेमले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या जागांपेक्षा तिथले हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले. नेमणूक संपल्यावर तो परिणामही ओसरला. या तिन्ही प्रयोगांतून हाती लागतं ते असं की सर्वत्र शिंपडलेली गस्त वाया जाते, नेमक्या जागी आणि नेमक्या वेळी घातलेली लागू पडते, आणि तीही चालू असेपर्यंतच.

यापैकी एकातही स्वयंसेवक नव्हते, ते सगळे पोलीस होते, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो रास्त आहे. म्हणून मला इंग्लंडमधल्या पीटरबरो शहरातला प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये २००२ च्या कायद्याने पोलिसांच्या मदतीला गणवेशातले पण बिनहत्यारी कर्मचारी आले. त्यांना अटकेचे पोलिसी अधिकार नाहीत. पीटरबरोत गुन्ह्यांच्या ७२ जागा निवडल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटल्या, आणि एका गटातल्या जागी या कर्मचाऱ्यांनी रोज काही वेळा जाऊन थोडा वेळ नुसतं दिसेल असं थांबायचं ठरलं. वर्षभरात तिथे लोकांनी नोंदवलेले गुन्हे ३९ टक्क्यांनी आणि आणीबाणीचे फोन २० टक्क्यांनी कमी झाले. हे कर्मचारी पगारी होते, त्यामुळे आपल्या स्वयंसेवकांशी बरोबरी पूर्ण होत नाही. पण जो मुद्दा सिद्ध व्हायला हवा होता तो झाला: ज्याच्या हातात काठी नाही आणि ज्याला कुणाला पकडता येत नाही असा माणूसही नुसत्या हजेरीने फरक पाडतो. किती वेळ थांबावं याचंही उत्तर आहे. मिनिआपोलिसमधल्या नोंदींवरून क्रिस्टोफर कोपर यांनी १९९५ मध्ये दाखवलं की एका जागी साधारण १० ते १५ मिनिटं थांबून निघून गेलं तर त्या थांबण्याचा धाक मागे काही काळ टिकतो. त्याहून जास्त थांबून फारसा फायदा होत नाही.

हे टेकडीला लावून पाहावं. आजची अनौपचारिक गस्त, म्हणजे सकाळी फिरताना चार ठिकाणी नजर टाकणारी मंडळी, ज्या वेळी आणि ज्या वाटेवर असते तिथे तिची गरज सर्वांत कमी. आणखी ५० माणसं त्याच सहा वाजता त्याच मुख्य वाटेवर आणली तर गर्दी वाढेल, सुरक्षा नाही. वाढ हवी ती सूर्यास्तानंतरच्या दीड तासात, दुपारी अकरा ते चार या वेळात, आणि वाटा जिथे फुटतात अशा मोजक्या जागी: खाणीच्या काठाला, उतरणीच्या वळणावर, वस्तीकडून येणारी पायवाट वरच्या रस्त्याला मिळते तिथे. दोघांची जोडी, एका जागी १५ मिनिटं, मग पुढची जागा. दीड तासात चार-पाच जागा सहज होतात. जागा कोणत्या हे पोलिसांच्या नोंदी आणि रोज फिरणाऱ्या बायका यांना विचारून ठरवावं, आणि माझा भरवसा दुसऱ्या उत्तरावर जास्त आहे. पोलीस ठाण्याच्या वहीत येतात ती नोंदवलेली प्रकरणं. 'त्या वळणाच्या पुढे मी एकटी जात नाही' हे कुठल्याच वहीत येत नाही.

दुसरी वाढ कामांची, आणि इथे गस्तीचं खरं पोट भरेल. टेकडीवर चोरापेक्षा कितीतरी अधिक वेळा भेटतं ते म्हणजे घसरून मुरगळलेला पाय, चक्कर, छातीतली कळ, साप, मधमाश्या, उन्हाळ्यातला वणवा. अशा वेळी ११२ ला फोन लावला की पलीकडून विचारतात, 'कुठे आहात?' आणि टेकडीवर पत्ताच नसतो. 'वेताळाच्या देवळाच्या खाली, दोन वाटा फुटतात तिथून डावीकडे, मोठ्या दगडापाशी' हे उत्तर रोज जाणाऱ्याला चोख वाटतं, नियंत्रण कक्षातल्या शिपायाला त्याचा काडीचा उपयोग नाही. दर दोनशे-तीनशे मीटरवर गुडघाभर उंचीचा क्रमांकाचा दगड, आणि त्या क्रमांकांचा नकाशा ११२ च्या कक्षात, तिन्ही ठाण्यांत आणि रुग्णवाहिकेकडे: याला कॅमेऱ्याच्या एका खांबाएवढाही खर्च बहुधा येणार नाही. स्वयंसेवकाचं पहिलं काम हे दगड पाठ असणं. दुसरं, बंद पडलेल्या हृदयावर दाब देता येणं आणि मोडलेला पाय न हलवता बांधता येणं. तिसरं, रुग्णवाहिका कोणत्या पायथ्याला आली आणि माणूस कोणत्या वाटेने खाली आणायचा हे जुळवणं.

या धर्तीचं काम आपल्याकडे नवं नाही. सह्याद्रीत लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र किंवा खोपोलीची यशवंती हायकर्स ही गिर्यारोहकांची मंडळं वर्षानुवर्षं दरीत पडलेल्यांना आणि वाट चुकलेल्यांना बाहेर काढत आली आहेत. पोलीस त्यांना बोलावतात, दोर त्यांचे असतात, पंचनामा पोलिसांचा. अधिकारांची मागणी त्यांच्याकडून ऐकू येत नाही, कारण त्यांचा अधिकार कसबातून येतो. अमेरिकेत १९३८ साली मायनॉट डोल यांनी बर्फावर घसरणाऱ्यांसाठी जी स्वयंसेवी गस्त उभी केली तिचाही उगम गुन्ह्यात नव्हता. स्वतःचा मोडलेला घोटा आणि शर्यतीत गेलेला मित्र यांतून ती निघाली. प्रथमोपचार हेच तिचं काम राहिलं आणि ती टिकली. एक कायदेशीर फट मात्र बुजवायला हवी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, पण ते वाहनाच्या अपघातापुरतं. टेकडीवर पडलेल्याला उचलणाऱ्याला ते लागू होत नाही. महापालिका किंवा वन विभाग यांच्या लेखी कराराखाली आणि विम्याखाली स्वयंसेवक काम करत असतील तरच लोक बिनघोर हात लावतील.

आता सर्वांत जड आक्षेप. लोकांच्या हाती पहारा दिला की काय होतं हे महाराष्ट्राने दोनदा पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे, अफवांनी भेदरलेल्या गावकऱ्यांनी गाडी अडवून दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांचा जीव घेतला. बाहेरचं उदाहरण हवं तर फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये वस्तीच्या स्वयंसेवी पहारेकऱ्याने १७ वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनवर गोळी झाडली. मुलगा निःशस्त्र होता, आणि त्याचा पाठलाग करायची गरज नाही असं फोनवर पहारेकऱ्याला सांगितलं गेलं होतं. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली निघालेल्या 'गार्डियन एंजल्स' या लाल टोप्यांच्या दलाने भुयारी रेल्वेतल्या प्रवाशांना धीर दिला खरा, पण संस्थापकानेच १९९२ मध्ये कबूल केलं की सुरुवातीचे काही पराक्रम प्रसिद्धीसाठी रचलेले होते. पराक्रम हीच कामाची मोजपट्टी झाली की पराक्रम नसेल तिथे तो तयार केला जातो, असा मी याचा अर्थ लावतो.

हा आक्षेप मी फेटाळत नाही. माझा मुद्दा त्याच्यावरच उभा आहे. राईनपाडा आणि गडचिंचले इथे घातक ठरल्या त्या दोन गोष्टी: अनोळखी माणसाला अडवून जाब विचारणं, आणि पोलीस येईपर्यंत त्याला धरून ठेवणं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० कुठल्याही नागरिकाला, आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला तर गुन्हेगाराला पकडण्याची आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे देण्याची मुभा देतं. म्हणजे अधिकार आधीच आहे. स्वयंसेवकाने लेखी कबुली द्यावी की गस्तीवर असताना तो हा अधिकारही वापरणार नाही. पाहायचं, जरा दूर उभं राहायचं, क्रमांकाचा दगड सांगून फोन करायचा, संकटातल्या माणसाजवळ थांबायचं. कुणाला नाव विचारायचं नाही, ओळखपत्र मागायचं नाही, फोटो काढायचा नाही, 'इथे काय करताय' हे तर मुळीच विचारायचं नाही.

शेवटचं वाक्य जोडप्यांसाठी आहे, कारण टेकडीवर गस्त म्हटली की पुष्कळांच्या मनात पहिल्यांदा तेच येतं. संस्कृतिरक्षणाची हौस असलेल्यांना जॅकेट मिळालं तर ते पहिल्या संध्याकाळी झुडपामागच्या दोघांकडे वळतील हे सांगायला ज्योतिषी नको. तरुण जोडप्यांना लुटणं इतकं सोपं का असतं? पोलीस असल्याची बतावणी करायची, 'घरी कळवू' म्हणायचं, अंगठी आणि मोबाइल काढून घ्यायचा. घरी कळण्याच्या भीतीने तक्रार होत नाही. तोतया पोलिसाचा हा धंदा जुना आहे, आणि तोतया स्वयंसेवक त्याहून सोपा, पिवळं जॅकेट कुठल्याही दुकानात मिळतं. यावर ओळखपत्रांपेक्षा भारी उतारा म्हणजे वरचा नियम. खरा स्वयंसेवक कधीच काही विचारत नाही, काही मागत नाही, हे प्रत्येक पायथ्याला ठळक अक्षरांत लिहिलेलं असलं की विचारणारा तो तोतया हे कुणालाही कळेल. गस्तीला अधिकार दिले तर ही साधी ओळख पुसली जाते. ज्यांना नैतिक पहारा हवा आहे त्यांना असं दल बेचव वाटेल आणि ते त्यात येणार नाहीत. मला हा नियमाचा जादा फायदा वाटतो.

गस्त कुणाची, हाही प्रश्न आहेच. सोसायट्यांतल्या साठीच्या पुरुषांनी ती भरली तर संशयाची नजर कुणाकडे वळेल हे आपल्या इतिहासात लिहिलेलं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का डोक्यांतून गेला नाही. पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत किंवा गोखलेनगरलगतच्या वस्त्या यांतली मुलं टेकडीवर क्रिकेट खेळतात, बायका सरपण नेतात, कुणाच्या शेळ्या चरतात. ही माणसं दुपारच्या त्या सुन्या वेळातही तिथे असतात. टेकडीवर दिवसभर डोळे आहेत ते त्यांचेच. त्यांना संशयितांत धरणारी गस्त न घातलेली बरी. भिवंडीचा धडा इथे उपयोगी आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत नुसती प्रतिष्ठित मंडळी नव्हती, दोन्ही समाजांतली साधी माणसं पोलिसांसोबत बसत होती. टेकडीच्या गस्तीतही निम्म्या जागा पायथ्याच्या वस्त्यांना आणि निम्म्या स्त्रियांना असाव्यात, आणि दुपारच्या तासांसाठी मानधन असावं. फुकट वेळ असणं हीसुद्धा एक मालमत्ता आहे, ती सगळ्यांकडे नसते.

मानधनाचं नाव काढलं की विचारलं जातं, मग पोलीसच का नेमू नयेत? सरकारचं काम नागरिकांच्या गळ्यात का? होमगार्डचं उदाहरण या शंकेच्या बाजूने आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत, दंगलींच्या काळात नागरिकांचं स्वयंसेवी दल म्हणून ते उभं राहिलं आणि १९४७ मध्ये त्याला कायदा मिळाला. पुढे ते निवडणूक आणि सणांच्या बंदोबस्ताला लागणारं स्वस्त मनुष्यबळ होऊन बसलं. टेकडीची गस्तही त्याच वाटेने जाऊ शकते, म्हणून करारात एक कलम असावं: स्वयंसेवक वाढले म्हणून टेकडीवरची पोलिसांची फेरी कमी होणार नाही, आणि तिची तारीख-वेळ पायथ्याच्या वहीत पोलीस स्वतः लिहितील. चोर दुसऱ्या टेकडीवर जातील, या शंकेचा मात्र फार बाऊ नको. फिलाडेल्फियात थोडे गुन्हे शेजारच्या भागात सरकले, तरी एकूण बेरीज घटलेलीच राहिली.

सुरुवात एका टेकडीपासून, सहा महिन्यांसाठी करावी. यशाची मोजणी गुन्ह्यांच्या आकड्यांवर ठेवली तर फसगत होईल. एका टेकडीवर वर्षाला नोंदवले जाणारे गुन्हे इतके थोडे असतात की दोनाचे चार झाले तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा गस्त सुरू होण्याआधी महिनाभर आणि नंतर दर महिन्याला, संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात किती माणसं चढली, त्यांत बायका किती, एकट्या किती, हे पायथ्याला बसून मोजावं. त्याच वहीत स्वयंसेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं पान असावं आणि ते दर महिन्याला कुणालाही पाहता यावं. मोजणी डिसेंबरात सुरू करावी. पुण्यात तेव्हा सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, कार्यालयं सुटतात ती त्यानंतर, आणि नोकरी करणाऱ्या बाईला टेकडीवर यायचं तर अंधारातच यावं लागतं.